सोसायटीचा सोलर की स्वतःचा? आधी कॉमन मीटरचं बिल काढा

आलेला प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडमध्ये दोन विंगची, दोन लिफ्टची, ४० फ्लॅटची सोसायटी. प्रश्नकर्त्याचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, महिन्याला सरासरी २२० युनिट वापर. वाई तालुक्यात गावी आईवडील राहतात, घर अर्धं कौलारू, अर्धं स्लॅबचं, वापर ८०-९० युनिट. धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याने घरावर एकही पॅनल न बसवता 'कम्युनिटी सोलर' घेतलाय आणि त्याचं बिल कमी येतंय. तर आपल्याकडेही असं सामायिक काही घ्यावं, की गच्चीवर सरळ स्वतःचे पॅनल लावून मोकळं व्हावं?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. फ्लॅटच्या बाबतीत पहिला सोलर सोसायटीच्या कॉमन मीटरवर लावा. त्यानंतर गच्चीत जागा उरली आणि सभेने नियम ठरवला, तर तुमचा स्वतःचा १ किलोवॅट. गावच्या घरी मात्र सामायिकाच्या भानगडीत न पडता स्वतःचाच, आणि तोही छोटा. पुणे-सातारा पट्ट्यात मी बरीच वर्षं हेच काम करतोय आणि माझ्याकडे येणारे दहातले आठ लोक याच्या नेमकं उलट ठरवून आलेले असतात: फ्लॅटवर स्वतःचे ३ किलोवॅट, सोसायटीचं नंतर बघू.

भावाचं प्रकरण आधी समजून घ्या. तिकडे एखाद्या गोदामाच्या छतावर किंवा कचरा डेपोच्या बुजवलेल्या जागेवर मोठा प्रकल्प उभा राहतो आणि आसपासची घरं त्याची वर्गणीदार होतात. वर्गणीदाराच्या वाट्याच्या विजेचं क्रेडिट त्याच्या वीजकंपनीच्या बिलात जमा होतं. त्या क्रेडिटपेक्षा थोडी कमी रक्कम तो प्रकल्पवाल्याला देतो आणि मधला फरक हीच त्याची बचत. न्यू जर्सीत हे २०१९ मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झालं, २०२३ मध्ये कायमचं झालं. भाड्याने राहणाऱ्याला किंवा ज्याच्या घरावर झाडांची सावली आहे त्याला ही सोय उत्तम. शिवाय तिथे स्वतः विकत घेऊन घरावर सोलर बसवणाऱ्याला जी ३० टक्के केंद्रीय करसवलत मिळायची, ती २०२५ अखेर बंद झाली. त्यामुळे तुमच्या भावाचा निर्णय त्याच्या जागी अगदी बरोबर आहे. फक्त तो तिथल्या नियमांवर उभा आहे. एक पैसा न गुंतवता महिन्याला थोडी सूट, असं त्याचं स्वरूप. आपल्याकडे सरकार सूट देतं ती गुंतवणुकीवर, आणि त्यामुळे गणिताचा तोंडवळाच बदलतो.

भारतात असलं काही नाहीच, असंही नाही. दिल्लीने २०१९ मध्ये व्हर्च्युअल नेट मीटरिंगचे नियम केले: प्रकल्प एकीकडे, त्याचे युनिट अनेक ग्राहकांच्या बिलांत ठरलेल्या टक्क्यांनी वाटून. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी तर सोलर पंपांची सहकारी मंडळी काढली आणि पाणी उपसून उरलेली वीज ग्रीडला, म्हणजे वीजकंपनीच्या जाळ्याला, विकली. सहकार आपल्या हाडीमाशी खिळलेला असूनही ती कल्पना आपल्या साखरपट्ट्यात आधी का सुचली नाही, हे मला आजवर उलगडलेलं नाही. महाराष्ट्रात व्हर्च्युअल पद्धतीने जायचंच असेल, तर आज कोणत्या अटींवर आणि कोणत्या ग्राहकांना ती मिळते, हे महावितरणच्या तुमच्या उपविभागीय कार्यालयाकडून लेखी घ्या. वेंडरच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. पण तिची वाट पाहत थांबायचं कारण नाही. तुमच्या इमारतीत एक सामायिक मीटर आधीच आहे आणि तो ४० घरांचं बिल खातोय.

आता त्या मीटरचं बिल काढा. तुमच्या घरचं नव्हे, सोसायटीचं. सेक्रेटरींकडे फाइलला लावलेलं असतं.

महावितरणचा घरगुती दर चार टप्प्यांत चढतो: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. वहन आकार (वीज पोचवण्याचं शुल्क) धरून पहिल्या टप्प्यातलं युनिट ६ रुपयांच्या आसपास पडतं, दुसऱ्यातलं ११ च्या आसपास आणि ५०० च्या वरचं १५ च्याही पुढे. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर वर्षागणिक थोडे खालीवर होतात, पण पायऱ्यांचा चढ तसाच राहतो. (मुंबईत अदानी, टाटा आणि बेस्टचे दर वेगळे आहेत. तिथल्यांनी आपापलं बिल बघावं.)

सोसायटीच्या लिफ्ट, पाण्याचे पंप, जिने आणि पार्किंगचे दिवे यांनाही घरगुतीच दर लागतो, म्हणजे याच पायऱ्या. पण घरात ४०० युनिट जाळणारा माणूस विरळा आणि कॉमन मीटर महिन्याला १,८०० युनिट सहज जाळतो. त्यातले पहिले ५०० सोडले तर उरलेले १,३०० युनिट सगळ्यात महागड्या पायरीवर. कर धरला तर एकेक युनिट १७-१८ रुपयांना. मेंटेनन्समधून हे पैसे सगळेच भरतात, पण बिल कुणाच्याच दारात येत नाही, म्हणून कुणाला टोचत नाही.

नेट मीटरिंगमध्ये तुमच्या पॅनलने बनवलेले युनिट एकूण वापरातून वजा होतात आणि उरलेल्या युनिटवर बिल निघतं. म्हणजे कात्री वरून लागते. सर्वांत महाग युनिट आधी जातात, स्वस्त शेवटी. एवढं लक्षात घेतलं की सोलर किती बसवायचा आणि कुणाच्या मीटरवर बसवायचा, हे दोन्ही प्रश्न बरेचसे सुटतात.

तुमच्या सोसायटीचे आकडे घेऊन बघू. पुण्यात १ किलोवॅट वर्षाला १,३०० ते १,४०० युनिट देतो, पावसाळ्याची पडझड धरून. १२ किलोवॅट लावले तर वर्षाला सुमारे १६,२००, म्हणजे महिन्याला सरासरी १,३५०. कॉमन मीटरचे १,८०० होते, उरले ४५०. उरलेले सगळे खालच्या पायऱ्यांवरचे, ते खुशाल महावितरणकडून घ्या. ५०० च्या वरचा सगळा भाग साफ झाला. वेंडर इथे हमखास म्हणतो, '१५-१६ किलोवॅट लावा, बिल शून्य करून टाकू.' वरचे ३-४ किलोवॅट ज्या युनिटांना मारणार ती स्वस्तातली आहेत आणि स्थिर आकार कशानेच जात नाही. 'शून्य बिल' हा बॅनरवरचा शब्द आहे, बिलावर तो मला अजून दिसलेला नाही.

खर्च: उंच स्ट्रक्चरसकट किलोवॅटला ६०,००० धरू, म्हणजे ७ लाख २० हजार. सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुनी कोटेशनं पडून असतील तर ती फाडून टाका आणि नवी मागवा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेला सामायिक सोयींसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे २ लाख १६ हजार. निव्वळ ५ लाख ४ हजार. ४० फ्लॅटमध्ये विभागलं तर दर फ्लॅट १२,६००. बचत हात आखडून धरली, युनिटमागे १५ रुपये, तरी वर्षाला २ लाख ४० हजारांच्या वर, म्हणजे फ्लॅटमागे ६,०००. दोन-सव्वादोन वर्षांत पैसे वसूल आणि पॅनलची कामगिरीची हमी साधारण २५ वर्षांची. मधे एकदा इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र) बदलावा लागेल. त्याची तरतूद पहिल्या वर्षापासून वेगळी ठेवा, नाहीतर आठव्या-नवव्या वर्षी त्याच्यावरून सभेत भांडणं होतात.

आता तुमचा स्वतःचा. २२० युनिट वापरावर १ किलोवॅट लावला, तर महिन्याला ११० च्या आसपास युनिट वजा होतील. ते सगळे १०१ ते ३०० च्या पायरीवरचे, कर धरून पावणेतेरा रुपयांचे. महिन्याला १,४०० रुपये सुटले. लहान यंत्रणेला किलोवॅटमागे खर्च जास्त येतो, गच्चीपासून खाली पार्किंगमधल्या मीटर बोर्डापर्यंत केबल उतरवायची असते. ६५ ते ७५ हजार धरा. त्यातून ३०,००० अनुदान वजा. दोन-अडीच वर्षांत वसूल, म्हणजे इथेही जवळपास तेच!

मग सोसायटीच आधी का? एकतर दुसऱ्या किलोवॅटला हिशेब कोलमडतो. अनुदान २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,०००, तिसऱ्याला १८,००० आणि कमाल ७८,००० आहे, म्हणून लोक ३ किलोवॅटच घेतात, अनुदान पुरेपूर उचलायचं म्हणून. पण तुमच्या बाबतीत पहिल्याच किलोवॅटने महागाची पायरी संपते. दुसरा किलोवॅट ६-७ रुपयांची युनिट मारतो आणि तिसऱ्याला मारायला काहीच उरत नाही. ती युनिट ग्रीडमध्ये जातात, ३१ मार्चला वर्षाचा हिशेब होतो आणि शिल्लक राहिलेल्या युनिटांना जो दर मिळतो तो पाहून माणूस खट्टू होतो. नेट मीटरचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं हे एका अर्थी सोयीचं आहे. एप्रिल-मेच्या उन्हात जमवलेली युनिट जुलै-ऑगस्टच्या ढगांत वापरता येतात. पण जानेवारी ते मार्च ऊन चांगलं आणि पंखे-एसी बंद, ती शिल्लक मात्र वर्षअखेरीला स्वस्तात जाते. शिवाय सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त घेतली, तर तो भारही वाढवून घ्यावा लागतो. तुमच्या बिलावर 'मंजूर भार' काय लिहिलाय ते बघा. जुन्या फ्लॅटमध्ये तो बऱ्याचदा वेंडरने सांगितलेल्या आकड्याच्या आतच असतो.

आणि खरं कारण गच्ची. १ किलोवॅटला सावलीविरहित १०० चौरस फूट लागतात. ४० जणांनी एकेक किलोवॅट म्हटलं तर ४,००० चौरस फूट, ४० इन्व्हर्टर, डक्टमधून उतरणाऱ्या ४० केबली. दोन विंगच्या गच्चीतून टाक्या, लिफ्टच्या खोल्या, जिन्याची टोपी आणि त्यांच्या सावल्या वगळल्या तर हाती राहते निम्मी जागा. आधी अर्ज करणाऱ्या आठ-दहा जणांनी ती अडवली, की उरलेल्यांच्या नशिबी टाकीची सावली. गच्ची सगळ्यांच्या मालकीची आणि तिच्यावरचं ऊन मात्र पहिल्या दहांचं, हे सहकारी संस्थेत फार काळ चालत नाही. ज्या घरात दोन म्हातारी माणसं ९० युनिट वापरतात, त्यांना स्वतःचा सोलर घेऊन फारसं सुटणार नाही. कॉमन मीटरच्या बचतीत मात्र त्यांचा वाटा तुमच्याइतकाच. म्हणून सर्वांत चांगली जागा, दक्षिणेकडे मोकळी, आधी कॉमन मीटरला द्या. १२ किलोवॅटला १,२०० चौरस फूट पुरतात. उरलेल्या जागेचे १ किलोवॅटचे तुकडे पाडून चिठ्ठ्या काढा किंवा जसा अर्ज येईल तसं द्या, पण नियम आधी ठरू दे, पॅनल मागाहून.

चौरस फुटांचा हिशेब कागदावर सोपा असतो, गच्चीवर नाही. हल्ली ५४० वॅटचा पॅनल साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असतो. तो जिन्यातून वर नेणं हेच एक काम आहे. वेंडर पाहणीला आला की त्याला दुपारी बारा वाजता वर नेऊ नका, त्या वेळी सगळी गच्ची उन्हातच दिसते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊला आणि संध्याकाळी चारला जा. पाण्याच्या टाकीची सावली किती लांब सरकते ते खडूने आखून ठेवा. पॅनल एकमेकांना माळेत जोडलेले असतात. एकावर टाकीच्या पाइपची पट्टीएवढी सावली पडली तरी साध्या इन्व्हर्टरवर बऱ्याचदा अख्ख्या माळेचं उत्पादन घसरतं. शेजारी पुनर्विकासात बारा मजली इमारत येऊ घातली असेल तर तिचा मंजूर नकाशा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोथरूडात हा प्रश्न आता दर दुसऱ्या गल्लीत आहे. तुमची स्वतःची सोसायटीच पुनर्विकासाच्या बोलण्यांत असेल, तर दोन-अडीच वर्षांत वसुली होते म्हणून मी अजूनही हो म्हणेन, पण काढून पुन्हा बसवता येईल असं नट-बोल्टचं स्ट्रक्चर घ्या, वेल्डिंगचं नको.

आणि कोबा. पुण्यातल्या पंधरा-वीस वर्षं जुन्या इमारतींवर विटांचा कोबा (पाणी मुरू नये म्हणून घातलेला थर) असतो, वर चायना मोझाइक. स्ट्रक्चरचे पाय बोल्टने थेट त्यात ठोकले की दोन पावसाळ्यांत वरच्या मजल्याच्या छताला ओल येते. मग सोलरवाला म्हणतो वॉटरप्रूफिंग जुनं होतं आणि वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो भोकं तुम्ही पाडली. पाय कोब्यात घुसवायचे नाहीत, वर सिमेंटचे ठोकळे ओतून त्यांत बसवायचे, ही अट करारातच घाला. वाऱ्याच्या जोराचा हिशेब करून ठोकळ्यांचं वजन किती असावं, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. गच्चीचं वॉटरप्रूफिंग येत्या दोन-तीन वर्षांत करायचंच असेल, तर ते आधी उरकून घ्या. स्ट्रक्चर सात-आठ फूट उंच घेतलं तर खाली वाळवण, कोजागिरी, गणपतीतलं जेवण सगळं पूर्वीसारखंच होतं. खर्च थोडा वाढतो, पण सर्वसाधारण सभेत विरोध निम्मा होतो. माझ्या अनुभवात सभेत सोलरला विरोध पैशांवरून कमी आणि 'आमची गच्ची जाणार' यावरूनच जास्त होतो.

सभेत ठराव करताना चार गोष्टी त्यात हव्यात: क्षमता, गच्चीचा कोणता भाग, पैसे कुठून, आणि बचतीचं काय करायचं. पैशांसाठी सिंकिंग फंडाला हात लावण्याआधी उपविधी वाचा आणि ऑडिटरला विचारा. तो फंड कशाला वापरता येतो याला मर्यादा आहेत. बचतीबद्दल माझं मत असं, की पहिली दोन वर्षं मेंटेनन्स कमी करू नये. वाचलेल्या पैशांतून आधी ज्यांनी वर्गणी दिली त्यांची परतफेड दाखवावी, इन्व्हर्टरचा निधी बाजूला काढावा आणि मग मेंटेनन्स कमी करावा. आकडे नोटीस बोर्डावर लावा. इन्व्हर्टरचं मोबाइल अ‍ॅप असतं, त्याचा पासवर्ड फक्त सेक्रेटरींकडे ठेवू नका.

ज्या सोसायटीकडे पैसे नाहीत तिला कंपनीने स्वतः गुंतवणूक करून वीज ठरलेल्या दराने विकण्याचा पर्यायही सुचवला जातो, ज्याला रेस्को म्हणतात. १२ किलोवॅटसाठी मी ते करणार नाही. दोन-सव्वादोन वर्षांत वसूल होणाऱ्या गोष्टीसाठी दीर्घ मुदतीच्या करारात अडकायचं आणि वरचा मलिदा दुसऱ्याला द्यायचा, यात सोसायटीचं हित कुठे आहे? दर फ्लॅट १२,६०० रुपये दोन हप्त्यांत गोळा होतात.

तांत्रिक मंजुरीचं विचाराल, तर २०२४ च्या केंद्रीय ग्राहक हक्क नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला व्यवहार्यता तपासणी लागत नाही. त्यावरच्या अर्जाला लागते आणि त्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे. एवढ्या वेळासाठी १२ चे १० करू नका. अनुदान हवं असेल तर पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच हवेत. कोटेशनवर 'डीसीआर' लिहिलेलं असतं. ते नसेल आणि दर फारच गोड वाटत असेल तर तिथेच पाणी मुरतंय असं समजा. पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्या वेंडरकडेच आहे. अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे, एसी विजेचा, डीसी विजेचा आणि आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजवाहकाचा, खोदताना स्वतः उभं राहून बघा. एकाच खड्ड्यात तिघांना गुंडाळण्याचा प्रकार सर्रास चालतो.

एक गैरसमज मात्र इथेच खोडतो, कारण पुढे गावच्या घरी तो महागात पडेल. नेट मीटरवरचा साधा ऑन-ग्रिड सोलर लाइट गेली की बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या पॅनलच्या विजेचा झटका बसू नये म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. लिफ्ट चालू राहावी म्हणून सोलर, असं सभेत कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. त्यासाठी जनरेटर किंवा बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि लिफ्टइतक्या भाराच्या बॅटरीची किंमत काढली की सभा आपोआप संपते.

'सोलर पार्कमध्ये हिस्सा घ्या, दोन लाख भरा, दरमहा हमखास परतावा' अशी एक जात अलीकडे मोबाइलवर फिरते. त्याचा तुमच्या वीजबिलाशी काडीचाही संबंध नसतो. अनेकांकडून पैसे गोळा करून परताव्याचं आश्वासन देणाऱ्याला सेबीची नोंदणी लागते. ती मागा, बहुतेक वेळा तिथेच फोन बंद होतो.

आता वाईकडचं घर. तिथे 'कम्युनिटी' म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेकडे बोट दाखवणारे भेटतील. उपकेंद्राजवळ सोलर प्रकल्प, त्यातून शेतीच्या फीडरला (शेतीपंपांच्या वेगळ्या वाहिनीला) दिवसा वीज. योजना चांगली आहे. राळेगणसिद्धीत तिचा श्रीगणेशा झाला आणि दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला. वडिलांची शेती त्या फीडरवर असेल तर रात्री-बेरात्री पाणी द्यायला जाणं टळेल, आणि उपकेंद्राजवळ पडीक जमीन असेल तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळू शकतं. पण घरच्या मीटरमधून त्यातलं एक युनिटही वजा होत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा.

गावच्या घरासाठी बघण्यासारखं उदाहरण पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी. राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून २०२४ मध्ये जाहीर झालं. मला त्यात आवडतं ते हे, की गाव एकत्र आलं पण पॅनल घराघरावर आणि मीटर ज्याचं त्याचं. खरेदी, पाठपुरावा आणि वेंडरशी घासाघीस एकत्र, मालकी स्वतंत्र. तुमच्या वाडीतली दहा घरं मिळून एकाच वेंडरला काम देत असतील तर किलोवॅटमागे काही हजार सुटतात. मुख्य म्हणजे एका घरातला बिघाड दुरुस्त करायला माणूस येतो तेव्हा दहाही घरं बघून जातो.

८०-९० युनिट वापराला १ किलोवॅटपेक्षा एक पॅनलही जास्त नको. वाचणारं युनिट ६-७ रुपयांचं आहे, म्हणजे अनुदान नसतं तर मी नकोच म्हणालो असतो. पण १०० युनिटच्या आतल्या ग्राहकांसाठी राज्याने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची योजना आणली. केंद्राच्या ३०,००० वर राज्याचे सर्वसाधारण गटाला १०,०००, अनुसूचित जाती-जमातींना १५,००० आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना १७,५००. योजनेत १ किलोवॅटचा खर्च ५०,००० धरलाय, म्हणजे शेवटच्या गटाच्या खिशातून जातात फक्त २,५०० आणि तुमच्या वडिलांच्या खिशातून साधारण १०,०००. या भावात सोडू नये. पॅनल स्लॅबच्या भागावरच बसवा. कौलांवर बसवायचे तर वाशांना वजन पेलेल का हा एक प्रश्न, आणि कौल फुटलं की ते शाकारायला पॅनलखाली कोण शिरणार हा दुसरा. माकडांचा त्रास असेल तर केबल उघडी सोडू नका, लोखंडी पाइपातून न्या. पाऊसकाळात वाईच्या पश्चिमेला उत्पादन निम्म्यावर येतं, तेव्हा जुलैत अ‍ॅप बघून वडिलांनी घाबरून फोन केला तर गोंधळू नका.

तिथे लाइट वारंवार जात असेल तर त्या वेळचं उत्पादन बुडतं, हे आधी म्हटलं तेच. दुपारी तास-दोन तास लाइट जाण्याचा नेम असेल तर महिनाभर वेळा लिहून ठेवा. मग बॅटरी घ्यायची की दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे आणि छोटा इन्व्हर्टर पुरेल, ते ठरवता येईल. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास. बहुतेक घरांत दुसरा उपाय पुरतो.

आणि अर्जाच्या आधी बिलावरचं नाव बघा. गावाकडे मीटर अजून आजोबांच्या नावावर असतो, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात आणि बँकखातं वडिलांचं. अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो आणि अनुदान ग्राहकाच्या खात्यात येतं, त्यामुळे नावं जुळली नाहीत की पैसे अडकतात. आधी नावबदलाचा अर्ज करा. वारस दाखला किंवा सातबारा-मिळकत उतारा, मागतील तो कागद द्या आणि नव्या नावाचं पहिलं बिल हातात पडल्यावरच सूर्यघरच्या पोर्टलवर नोंदणी करा. सूर्यघर योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे, तेव्हा नावबदल या महिन्यातच टाका. सोसायटीची सभा होईस्तोवर ते काम होऊन जाईल.